बांगडीची निशाणी

तीस वर्षं मी स्पॅनिश शिकवते आहे आणि जोडीला दुभाष्याचं काम करते आहे. सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझा क्लास आहे. खालून ड्रिलचा आवाज येतो, वर मुलं क्रियापदं पाठ करतात, आणि दोन्ही मजल्यांवरचे चेहरे साधारण सारखेच असतात. शिक्षिका म्हणून मी कशी आहे ते मुलं सांगतील, पण दुभाषी म्हणून मी स्वतःला चोख समजत आले. एका कारखान्यात परदेशी साहेब भडकला, तेव्हा त्याच्या शिव्यासुद्धा मी मराठीत पोचवल्या. त्यातल्या एक-दोन मराठीत जरा जास्तच ठसठशीत उतरल्या, त्याला माझा इलाज नव्हता.

एवढ्या वर्षांत एकदाच मी कुणाच्या बोलण्याला माझी गाळणी लावली. जिच्या बोलण्याला लावली ती बाई आता नाही.

आम्ही त्यांना ताई म्हणायचो. माझे वडील इतिहासाचे अभ्यासक होते, एका संस्थेत काम करायचे. घरी येणारे सगळे त्यांना सर म्हणत. ताई त्याच संस्थेत नोकरीला होत्या. त्यांचे वडील त्याच कचेरीत शिपाई होते, कागदांच्या गाठोड्यांची बांधाबांध करता करता मोडी शिकले होते आणि मुलीलाही त्यांनी ती शिकवली होती. मी दहाएक वर्षांची असताना कसबा पेठेतल्या एका तांबट घराण्याचे जुने कागद बाबांच्या हाती लागले. लाल कापडात बांधलेलं ते दप्तर, ज्याला अभ्यासक रुमाल म्हणतात, आमच्या घरी आलं आणि त्याच्यामागोमाग ताई आल्या. पुढची पाच-सहा वर्षं त्या रविवारी यायच्या आणि आमच्या गॅलरीतल्या टेबलाशी बसून ते कागद वाचायच्या.

त्यांच्यासाठी वेगळा कप होता. निळ्या फुलांचा, गॅलरीच्या खिडकीत उपडा घातलेला. तो आत कधी यायचा नाही. ताई चहा प्यायच्या, कप स्वतः विसळायच्या आणि पुन्हा उपडा घालायच्या. बाबा व्याख्यानांतून समतेवर फार सुंदर बोलत. पण कप हे आईचं खातं होतं आणि बाबा दुसऱ्याच्या खात्यात ढवळाढवळ करत नसत. मला तो कप दिसायचा, त्याचा अर्थही हळूहळू कळला होता, पण मीसुद्धा कधी काही विचारलं नाही. पुढे कधीतरी धीर करून मी ताईंकडे तो विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "बरा होता हो तो कप. तुमच्या सगळ्यांच्या कपांपेक्षा मोठा होता."

त्यांच्या कामाची एक रीत मला अजून आठवते. एखादा कागद वाचून, देवनागरीत उतरवून झाला की तो ताडून पाहायचा. एकानं मूळ मोडी मोठ्यांदा वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून शब्दन् शब्द मिळतो का बघायचं. नक्कल कितीही शहाण्या माणसानं केलेली असो, मूळ कागद पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा ताईंचा नियम होता. आमच्या गॅलरीत मूळ कागद नेहमी ताईंच्या हातात असायचा आणि नक्कल बाबांच्या. मला वाटायचं, बाबा मोठे म्हणून तपासायचं काम त्यांच्याकडे. ज्याला ती धावती, घसट मोडी येत होती त्याच्या हातात मूळ कागद होता, हे समजायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

त्या रुमालावर बाबांचं पुस्तक निघालं आणि गाजलं. त्यातलं एक प्रकरण तर सगळ्यांच्या तोंडी झालं. पूर्वी लिहिता न येणारी माणसं सहीऐवजी निशाणी करत. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. तांबटाच्या त्या कागदांवर वर नाव होतं घरच्या कर्त्या पुरुषाचं आणि खाली बरेचदा बांगडी काढलेली होती. आधीच्या अभ्यासकांनी ती साक्षीदाराची समजून सोडून दिली होती. या पुस्तकानं दाखवलं की तो कर्ता पुरुष केव्हाच वारला होता. त्याच्या मागे कितीतरी वर्षं भट्टी, कारागीर आणि गिऱ्हाइकं त्याची विधवा सांभाळत होती. कारकून सवयीनं वर मेलेल्या नवऱ्याचं नाव घालत राहिले आणि ती खाली आपली बांगडी काढत राहिली.

पुस्तकावर नाव बाबांचं होतं. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात, मुद्रकाच्या अलीकडे, ताईंचे लेखनसाहाय्याबद्दल आभार होते, तेही लग्नानंतरच्या नावानं. त्यांची निम्मी टिपणं लग्नाआधीच्या नावानं होती, त्यामुळे संस्थेत पुष्कळांची समजूत अशी की दोन वेगवेगळ्या बायका येऊन गेल्या. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण आम्हा घरच्यांना तो समोर धरूनही दिसलं नसतं.

आता स्पॅनिशकडे येते. बाविसाव्या वर्षी मला सहा महिन्यांसाठी स्पेनला जायला मिळालं. बाबांनीच पाठवलं, हेही सांगायला हवं. आई म्हणत होती, आधी लग्न. बाबा म्हणाले, आधी विमान. तिकडे पोचल्यावर एक फॉर्म भरायचा होता. त्यात आडनावासाठी दोन रकाने होते. पहिल्यात मी आडनाव लिहिलं, दुसऱ्यात वडिलांचं नाव लिहिलं. आपल्याकडची कुठलीही मुलगी तेच करेल. वडिलांचं नाव लिहायला जागा नाही असा फॉर्म मी जन्मात पाहिला नव्हता. सहा महिने त्या गावात टपालवाला, घरमालकीण आणि दवाखान्यातली नर्स मला आडनावाला माझ्या बाबांचं नाव जोडून हाका मारत होती. निघायच्या आठवड्यात घरमालकिणीनं विचारलं, तुमच्या आईचं आडनाव किती वेगळं आहे नाही? तेव्हा उलगडलं की दुसरा रकाना आईच्या आडनावाचा होता. तिथं प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं, आणि लग्न झालं तरी बाई ती बदलत नाही. मी थक्क झाले. मामाचं आडनाव असतं हे मला माहीत होतं, पण आईला स्वतःचं असं आडनाव असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. ही गंमत मी वर्षानुवर्षं प्रत्येक नव्या बॅचला सांगत आले. मुलं हसतात. मीही हसायचे, आता जरा कमी हसते.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात स्पेनहून एक प्राध्यापिका पुण्यात आली. साठीची, आडदांड, खणखणीत आवाजाची. जगभरात जुने कागद वाचणाऱ्या, उतरवणाऱ्या, लावणाऱ्या बायकांवर ती पुस्तक लिहीत होती. इतिहासकार म्हणून पुरुषांची नावं राहिली, पण कागद कुणाच्या हातून गेले, हा तिचा प्रश्न होता. बाबांच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरात तिला ते आभाराचं एक वाक्य सापडलं होतं आणि त्या वाक्याचा माग काढत ती माझ्यापर्यंत पोचली होती.

आधी माझ्या क्लासमध्ये आली. भिंतीवर मी स्पेनची चित्रं लावली आहेत. बैलांशी झुंजणारा माणूस, झालरीच्या झग्यातली नाचणारी बाई, टोमॅटोंची मारामारी. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या आईनं आयुष्यात एकच बैल पाहिला, शेजाऱ्याचा. आणि टोमॅटो फेकला असता तर आजीनं आम्हाला फेकलं असतं." मग तिनं स्वतःच्या आईची गोष्ट सांगितली. तिकडे हुकूमशाही होती तेव्हा बायकोला नोकरी करायची तर नवऱ्याची लेखी परवानगी लागायची. तिच्या आईनं अशी परवानगी घेऊन एका प्राध्यापकासाठी वीस वर्षं चर्चमधल्या जुन्या नोंदी उतरवल्या. त्याच्या ग्रंथात आईचा उल्लेखही नाही. मी कौतुकानं दोन आडनावांचा विषय काढला, तर ती म्हणाली, "हुरळून जाऊ नकोस. नाव आईचंच राहिलं, सही मात्र बाबांची लागायची. आणि आईचं आडनाव म्हणजे तरी काय, तिच्या बापाचंच ना?" आमच्या घरात यावर कुणी कधी बोललं नाही, असं म्हणून ती पुढे म्हणाली की न बोलणं हीच आमच्या देशाची खरी भाषा आहे, ती तू शिकवत नाहीस.

ताईंच्या मुलाखतीला निघताना तिनं मला विचारलं होतं, "तुझ्याच वडिलांचा विषय निघणार. मी दुसरी दुभाषी बघू का? तुला अवघड जाईल." मला राग आला. मी म्हणाले, "तीस वर्षं हेच काम करते आहे." त्या क्षणी मी बाजूला झाले असते तर हे काही लिहायची वेळ आली नसती. पण माणसाला आपल्या चोखपणाचा गर्व असतो, आणि मला तर जरा जास्तच आहे.

ताई तेव्हा ऐंशीला आल्या होत्या. कर्वेनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मुलगा सरकारी अधिकारी, सून कॉलेजात शिकवणारी, नात दहावीत. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि निळ्या कोटातली एक. प्राध्यापिकेनं ताईंच्या दोन्ही गालांचे पटापट मुके घेतले. ताई खुर्चीतच जरा मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, "यांच्यात ओळख व्हायच्या आधीच का हो हे?" मग त्यांनी विचारलं, मूळ गाव कुठलं. मी ते भाषांतरित केलं तेव्हा प्राध्यापिका खुलली. मूळ गाव विचारल्याशिवाय आमच्याकडेही कुणी पुढे बोलत नाही, म्हणाली. दोघी एकमेकींना पाचच मिनिटांत आवडल्या. पोहे झाले, चहा झाला. चहाचे कप सगळे एकसारखे होते, हे मी पाहिलं. मी पाहिलं हेही ताईंनी पाहिलं.

टीपॉयवर रेकॉर्डर ठेवलेला होता. तासभर सगळं सुरळीत चाललं. मग प्राध्यापिकेनं विचारलं, "ते बांगडीचं प्रकरण. ती गोष्ट लक्षात कुणाच्या आली?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या सावकाश बोलू लागल्या, मी ताडणीला नकलेवर बोट ठेवून बसले आहे अशा बेतानं.

"तुमच्या पाहुण्यांना सांगा. त्या रुमालातले कागद मी वाचले. सगळे. सरांना घसट मोडी लागत नव्हती. हे बोलायला मला वाईट वाटतं, पण नव्हती लागत. मी दोन पावसाळे ते कागद तिथीवार लावत होते, तेव्हा बांगडी माझ्या लक्षात आली. सरांना सांगितलं तर म्हणाले, असं कसं होईल? मग मी त्या बाईच्या नवऱ्याच्या तेराव्याचा कागद काढून समोर ठेवला. ते प्रकरण मी लिहिलं. सरांनी भाषा तपासून दिली, प्रस्तावना लिहिली आणि नाव त्यांचं लागलं. मी तेव्हा काही म्हटलं नाही. म्हणणार कुणाला? त्या तांबटीणबाईंनी निदान खाली बांगडी तरी काढली. मी तेवढंसुद्धा केलं नाही."

नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. प्राध्यापिका माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी गोंधळले होते, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नव्हते गोंधळले. प्रत्येक वाक्य मला लख्ख समजलं होतं आणि ते खरं आहे हेही तत्क्षणी समजलं होतं. त्याच महिन्यात बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती यायची होती आणि तिची प्रस्तावना मी लिहिली होती. बाबा गेल्याला चारच वर्षं झाली होती. माझ्या नावाच्या मधोमध ते अजून उभे होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, "ताईंनी कागद वाचण्यात आणि लावण्यात माझ्या वडिलांना बरीच वर्षं मदत केली. ते प्रकरण त्यांना फार जवळचं आहे."

"एवढंच?" प्राध्यापिकेनं विचारलं. "त्या केवढं तरी बोलल्या."

"मराठीत माणसं फार पाल्हाळ लावतात," मी म्हणाले.

ती हसली आणि तिनं वहीत लिहून घेतलं. निघताना ताईंनी माझा हात धरला. मी दहा वर्षांची असल्यापासून त्या मला अहोजाहो करत आल्या होत्या. म्हणाल्या, "सांगितलंत ना सगळं?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं. सर असते तर माझ्यानं बोलवलं नसतं."

रिक्षात बसल्यावर प्राध्यापिका बाहेरचे फ्लेक्स बघत होती आणि मी मूग गिळून बसले होते. तेव्हाही सांगता आलं असतं. पुढे दोन वर्षं तिची पत्रं येत राहिली, शंका विचारणारी, नकाशे मागणारी. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते एक वाक्य लिहायला जागा होती. मी शुभेच्छा लिहिल्या.

पुस्तक आलं. दोन प्रती, एक माझी, एक ताईंची. त्यांच्यावर दीड पान होतं आणि फोटो होता. मजकूर मी सांगितला तसाच होता. एका नामवंत इतिहासकाराची निष्ठावान मदतनीस. प्रत टपालानं पाठवायचा विचार मनात आला, पण तेवढी मी निर्लज्ज नव्हते. घेऊन गेले.

ताईंच्या डोळ्यांनी तोवर दगा दिला होता. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वजन केलं, कागदाचा वास घेतला. मग पान उघडून माझ्यापुढे धरलं. "वाचा. मराठीत."

मी वाचलं. पानावर नजर ठेवून, त्या दिवशी त्या जे बोलल्या होत्या ते सगळं मी त्यांना परत वाचून दाखवलं. सगळे कागद मी वाचले. बांगडी माझ्या लक्षात आली. ते प्रकरण मी लिहिलं. त्यातलं एकही वाक्य त्या पुस्तकात नव्हतं. माझा आवाज कुठंही अडखळला नाही. तीस वर्षांचा सराव असा कामी आला. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"पहिल्या वेळी दोन पावसाळे होते," त्या म्हणाल्या. "आता नाही आले."

"राहिलं," मी म्हणाले. "ओळ सुटली."

"असू दे. डोळे दमतात." मग म्हणाल्या, "बांगडीची ती ओळ कुठली, तिच्यावर माझं बोट ठेवा." मी त्यांचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. त्यांनी नातीकडून पेन्सिल मागवली आणि चाचपडत समासात एक लहानसं वर्तुळ काढलं. "माझी बांगडी," म्हणाल्या आणि हसल्या. ती ओळ मदतनीस शब्दाची होती. मला दुसरी कुठली ओळ निवडता आली असती, पण तेवढंही सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा नातीनं पाणी आणून दिलं. माझ्या तोंडून सांत्वनाचा शब्द निघाला नाही, आणि घरच्यांना वाटलं मला फार दुःख झालंय. झालंही होतं, पण त्यांना वाटलं ते नव्हे.

जूनमध्ये नव्या बॅचला नात हजर. कर्वेनगरच्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. स्पॅनिश का शिकायचंय, असं मी पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारते. कुणी कंपनीतल्या नोकरीसाठी म्हणतं, कुणी फुटबॉलसाठी. ती म्हणाली, "आजीनं सांगितलंय. एक पान वाचायचंय."

तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि काय म्हणाले? म्हणाले, "जर्मन का करत नाहीस? जर्मनला स्कोप जास्त आहे." स्पॅनिशच्या मास्तरणीनं असं म्हणणं म्हणजे हलवायानंच गिऱ्हाइकाला गोड खाऊ नका सांगण्यासारखं. ती म्हणाली, "मॅम, स्कोप नकोय. पान वाचायचंय."

पोरगी हुशार निघाली. आजीसारखीच, मान खाली घालून शब्दाशी झटणारी. तिची प्रगती पाहून दुसरी कुठलीही शिक्षिका सुखावली असती. मी मात्र प्रत्येक धड्यागणिक मोजत होते, आता हिला किती ओळी लागतील.

दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तास संपला, मुलं गेली, ती थांबली. पिशवीतून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मॅम, ताडून बघायचंय. मी वाचते, तुम्ही बघा."

तिनं वाचलं. आधी स्पॅनिश, मग स्वतःच्या वहीत लिहिलेलं मराठी. एकही शब्द चुकला नाही. वर्तुळापाशी आली आणि थांबली.

"इथं मदतनीस येतंय. आणि ती बांगडीची वाक्यं पूर्ण पानात कुठं सापडतच नाहीयेत. मी तीनदा बघितलं. अॅक्च्युअली माझंच काहीतरी चुकतंय. कुठं चुकतंय ते सांगाल का?"

अजूनही वाट मोकळी होती. वरच्या पातळीची भाषा आहे, तुला इतक्यात नाही कळायची, एवढं म्हटलं असतं तर तिनं मान डोलावली असती. जे दिसतं आहे ते बरोबर वाचूनही चूक आपलीच असेल असं ती धरून चालली होती, आणि पुढ्यात बसलेल्या मॅमवर तिचा विश्वास होता. आमच्या गॅलरीत पाच-सहा वर्षं हेच चाललं होतं. मला स्वतःची अतोनात शरम वाटली.

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "तू बरोबर वाचलंस. मी चुकीचं सांगितलं होतं. आधी त्या पाहुण्यांना, मग आजीला."

मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी मीच विचारलं, "आजीला कळलं होतं का गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव तिनं कधी वाईट घेतलं नाही. एवढंच म्हणाली, बाईंनी वाचून दाखवलंय, पण मूळ आपण बघावं."

पुस्तक पिशवीत घालून ती गेली. मी त्याच दिवशी स्पेनला पत्र लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं. रागाचं असतं तर सोसलं असतं. तिनं लिहिलं होतं, "मला तेव्हाच शंका आली होती आणि मी तुला ती विचारली नाही. न बोलण्यात आम्हीही तरबेज आहोत." पुढच्या छपाईत दुरुस्ती करते, पण त्यासाठी ताईंच्या बोलण्याचं खरं भाषांतर हवं, असंही होतं. सोबत रेकॉर्डिंग होतं. ताईंचा आवाज इतकी वर्षं त्या दूरच्या गावातल्या एका कपाटात पडून होता, तिथं कुणालाही न लागणाऱ्या लिपीतल्या कागदासारखा.

मी ते नातीला पाठवलं. दोन तास ती क्लासला आली नाही. तिसऱ्या तासाला आली, सगळ्यात शेवटी बसली आणि मुलं गेल्यावर पुढे आली.

"ऐकलं," ती म्हणाली. "आजीला एक मिनिट लागलंय. तुमचं दहा सेकंदात झालं."

मी फळा पुसायला घेतला.

"भाषांतर मी करते. सुरू केलंय. निम्मं झालंय."

"छान," मी म्हणाले. आणि मग तोंडाला जी सवय लागली आहे तिनं, अगदी मनापासून, मदत करावी म्हणून म्हणाले, "झालं की दाखव. मी तपासून देते."

तिनं पिशवी खांद्याला लावली. आवाज चढवला नाही, चेहराही बदलला नाही. निळ्या फुलांच्या कपाबद्दल बोलताना ताईंचा होता तसाच कोरडा सूर होता.

"नको, मॅम," ती म्हणाली. "आजीचंसुद्धा सर तपासूनच द्यायचे ना?"